सप्रेम भेट

मराठी माणसाला आपले नाव कोरायला दगडच लागतो असे नाही. पंख्याचे पातेही चालते. कोणत्याही देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या सभागृहात, नाहीतर स्मशानातल्या शेडमध्ये मान वर करून पाहा. एका पात्यावर 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ', दुसऱ्यावर मुलाचे नाव आणि तिसऱ्यावर 'सप्रेम भेट'. पंखा बंद असतो तोवर नाव वाचता येते, पण वारा येत नाही. पंखा सुरू झाला की वारा येतो, पण नाव दिसेनासे होते. दात्याला पुण्य यांतल्या कोणत्या अवस्थेत लागत असावे, असे मी एकदा आमच्या गावच्या कीर्तनकारबुवांना विचारले. ते म्हणाले, "वीज गेली म्हणजे देणाऱ्याला, आणि आली म्हणजे खाली बसणाऱ्याला."

देवळातल्या फरशांवरची नावे याहून विचित्र. त्यांवर पाय दिल्यावाचून देवापर्यंत पोचताच येत नाही. पुष्कळ दात्यांची तीच इच्छा असते: भक्तांची पायधूळ आपल्या नावावर पडावी. नाव तर राहिले पाहिजे, पण ते पायांखाली राहिले पाहिजे! अहंकार आणि नम्रता यांना एकाच फरशीवर इतक्या शेजारी बसवण्याची किमया दुसऱ्या कोणा समाजाला साधली असेल असे मला वाटत नाही.

गेल्या दहाबारा वर्षांत मात्र या नावांच्या पंगतीत एक नवे नाव येऊन बसले आहे, आणि ते कोणा माणसाचे नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर, एस. टी. थांब्याच्या पत्र्यावर, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर, महिला मंडळाच्या शिवणयंत्रांवर एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह व नाव रंगवलेले दिसते. रक्कम फार नसते. कोठे पन्नास हजार, कोठे लाख-दीड लाख. इस्पितळे व विद्यापीठे उभारणाऱ्या भव्य दानांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला विचार करायचा आहे तो या किरकोळ रकमांचा. पंख्यावरचे नाव वाचले की त्यामागे कोणी तरी दिसते: वारलेला बाप, मुंबईला जाऊन चार पैसे मिळवलेला मुलगा, गावाची ओढ. कंपनीला बाप नाही, श्राद्ध नाही, परलोकही नाही. मग ती देते तेव्हा नेमके कोण देते? आणि आपण घेतो तेव्हा नेमके काय घेतो?

देण्याघेण्याचे शास्त्र खरे म्हणजे आपण घरातच शिकलेले असतो. आता दिवाळीचेच पाहा. शेजारी फराळाचे ताट जाते. ताटावर नाव घातलेले असते, पण ते मिरवण्यासाठी नव्हे; चार घरची ताटे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. आणि ते ताट रिकामे परत येत नाही. शेजारणीच्या चकल्या अजून व्हायच्या असल्या तर ती त्यात निदान चिमूटभर साखर ठेवते. या साखरेचा हिशेब कोणी ठेवत नाही, पण ती ठेवायला विसरलेली शेजारीण मात्र बरोबर लक्षात राहते. आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही रीत मला कित्येक नीतिग्रंथांहून सूक्ष्म वाटते. परतफेड झाली पाहिजे, पण ती बरोबरीची होता कामा नये; बरोबरीची झाली तर व्यवहार संपतो, आणि मुळीच झाली नाही तर शेजार संपतो.

कंपनी मात्र शेजारीण नव्हे. तिच्या हातून दान घडू शकते का, या प्रश्नावर कायदेपंडितांनी फार पूर्वीच नकारार्थी मान हलवली होती. आयर्लंडमधल्या वेस्ट कॉर्क नावाच्या लहानशा रेल्वे कंपनीचा एक खटला १८८३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात गाजला. कंपनी विकली गेली होती, आणि जाता जाता नोकरांना व संचालकांना बक्षिसी द्यावी असा तिचा बेत होता. न्यायमूर्ती बोवेन यांनी जे सांगितले त्याचा भावार्थ असा, की संचालकांच्या बैठकीत दानधर्माला दानधर्म म्हणून खुर्ची नाही. खाऊ वाटायचा तो कंपनीच्या हिताला उपयोगी पडेल तेवढाच. पुढे १९७० साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी याच विचाराला अधिक धार लावली. व्यवस्थापक समाजकार्यावर पैसा खर्च करतो तो स्वतःचा नव्हे, भागधारकांचा. म्हणजे तो दुसऱ्यांवर कर बसवतो आणि वाटपही आपल्याच मर्जीने करतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे याला फार जुना आणि सुटसुटीत शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने हा वादच एका बाजूला सारला. तुळशीपत्र ठेवायला हरकत नाही एवढेच म्हणून हा कायदा थांबला नाही; ते ठेवलेच पाहिजे, असे त्याने सांगितले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्च करावी, आणि त्यात आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. खेड्यापाड्यांतही आता त्याला 'सीएसआर' एवढ्याच नावाने ओळखतात. आमच्याकडे तर 'सीएसआर आला का?' असे पाऊस आला का, तशा सुरात विचारतात. सरासरी सहा कोटी नफा असलेल्या कारखान्याच्या वाट्याला बारा लाख येतात. त्यांतून दहा गावांना दहा तुकडे गेले, तर एकेकाच्या हाती सव्वा लाखाच्या आत-बाहेरच काही पडणार. मी ज्यांना किरकोळ रकमा म्हटले त्या अशा जन्माला येतात.

आता, कायद्याने द्यावे लागते ते दान कसले? तो करच झाला, आणि कर भरणाऱ्याच्या गळ्यात आपण हार घालत नाही. असा युक्तिवाद करणारे माझे एक वकील स्नेही आहेत. ते म्हणतात, चेक घ्या, पावती द्या आणि दार लावून घ्या; आभार कसले मानता? मला हा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच. कर सरकारच्या तिजोरीत जातो व तेथून तो कोठे जातो हे भरणाऱ्याला कळत नाही. येथे देणारा कोणाला द्यायचे ते निवडतो, आणि निवड आली की उपकार आला. आमच्याच वाचनालयाला का दिले, पलीकडच्या गावच्या तालमीला का नाही? या 'का'मध्येच सगळी गोम आहे.

मराठी भाषेने मात्र या कोड्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, असे मला कधी कधी वाटते. 'देणे' हे आपल्याकडे क्रियापदही आहे आणि नामही. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ दुसऱ्याच्या हाती काही ठेवणे. नाम म्हणून त्याचा अर्थ कर्ज. 'त्याने वाण्याला दिले' आणि 'त्याच्या डोक्यावर वाण्याचे देणे आहे' ही दोन वाक्ये एकाच शब्दाची. कारखाना गावाच्या नदीचे पाणी उचलतो, त्याच्या उसाच्या ट्रॉल्या गावचा रस्ता खचवतात, हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्या गावच्या माळावर पडतात. वर्षाच्या शेवटी तो गावाच्या हातावर काही ठेवतो. ते कोणते देणे समजायचे? कारखाना ते क्रियापद समजतो, गाव ते नाम समजतो, आणि समारंभात दोघेही गोड बोलतात.

आमच्या तालुक्याच्या गावी असा एक खासगी साखर कारखाना आहे, आणि त्याला जोडून डिस्टिलरी आहे. आणि गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे, ज्याचा मी निवृत्तीनंतर कार्यवाह झालो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. आम्ही 'क' वर्गात आहोत. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस कारखान्याच्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. आवाजात घाई होती. मार्चअखेर जवळ आली की अशी घाई का असते हे मला नंतर समजले. राहिलेला पैसा ठरल्या मुदतीत कायद्याने सांगितलेल्या निधीत भरावा लागतो, त्यापेक्षा तो गावात दिसलेला बरा. मुलगा मोठा सालस होता. मला 'काका' म्हणे. "काका, एक लाख वीस हजार आहेत. काय घेऊ या?" मी म्हटले, "बाळ, वीजबिल दे." तो हसला. "काका, वीजबिलाचा फोटो येत नाही."

हे वाक्य त्याने सहज म्हटले, पण या साऱ्या व्यवहाराचे मर्म त्यात आहे. कपाटाचा फोटो येतो, संगणकाचा येतो, टाकीचा येतो. टाकीत रोज पाणी भरणाऱ्या बाईच्या पगाराचा येत नाही. म्हणून गावोगावी वस्तू येतात आणि त्या चालवणारे हात येत नाहीत. भरतकामाचा रुमाल पांघरून वर्षानुवर्षे झोपलेला संगणक ज्याने पाहिला नसेल असा शाळामास्तर महाराष्ट्रात विरळा. आणि कागद! संस्थेची तीन वर्षांची कामगिरी, आयकर खात्याच्या दोन नोंदण्या, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडची आणखी एक नोंदणी. आमच्यात एक सनदी हिशेबनीस होते म्हणून आमचे निभावले. वाचनालयामागच्या आळीत बारा बायका मिळून दहा वर्षे एक पाळणाघर चालवतात. त्यांचे काम आमच्याहून मोलाचे आहे, पण त्यांच्याकडे कागद नाहीत. म्हणून चेक त्यांच्या दारावरून आमच्याकडे आला.

आम्ही चार कपाटे व अभ्यासिकेची बारा टेबले घेतली. मग फलकाचा प्रश्न आला. कारखान्याने पाठवलेला नमुना वाचनालयाच्या स्वतःच्या पाटीहून मोठा होता. जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी केलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही असे २०२१ च्या दुरुस्त नियमांत स्पष्ट आहे; पण फलक किती हात लांब झाला म्हणजे तो जाहिरात होतो, याचे माप कायद्याने दिलेले नाही. आमच्या समितीत दोन तट पडले. अध्यक्ष म्हणाले, नाव लावल्याने पुस्तकाचे पान फाटत नाही. दुसरा पक्ष म्हणाला, उद्या पोरे 'कारखान्याच्या वाचनालयात जातो' म्हणतील.

या बाबतीत आपल्याकडचे थोर लोकही एकाच वाटेने गेलेले नाहीत. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. अण्णांनी ते आनंदाने स्वीकारले. स्त्रीशिक्षणाच्या संस्थेला एका आईचे नाव मिळाले, यात वावगे काय? उलट कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी अशी गोष्ट सांगतात, की साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर कोणी मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा त्यांनी ती धुडकावून लावली. एकाने नाव घेतले, दुसऱ्याने नाकारले. मला दोघेही बरोबर वाटतात, आणि याचे कारण फलकात नाही. अण्णा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा दारोदार हिंडत होते. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड म्हणजे घरोघरच्या बायकांनी मुलांसाठी बाजूला काढलेले मूठ मूठ धान्य. पंधरा लाख घेणारा आणि मोठी रक्कम नाकारणारा, दोघांच्याही मागे ही मूठ उभी होती. ज्याच्या मागे मूठ आहे त्याने हवे त्याचे नाव लावावे.

आम्ही फलक वीतभर केला. अधिकारी कुरकुरला, पण मार्च संपत आला होता.

त्या दिवसांत मी महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड चाळत होतो. दानाची जी व्याख्या आपल्या शास्त्रकारांनी केली ती कोणाही वकिलाने मान डोलवावी अशी आहे: आपले स्वामित्व सोडायचे आणि दुसऱ्याचे निर्माण करायचे. दुसऱ्याने स्वीकारल्याशिवाय दान पुरे होत नाही. पण तळे, विहीर, आंबराई लोकांसाठी करायची असेल तर त्याला दान म्हणत नाहीत. त्याला 'उत्सर्ग' म्हणतात. तेथे घेणारा कोणी एक नसतो. देणारा मालकी सोडतो ती साऱ्यांसाठी, आणि गंमत अशी, की ज्याने तळे बांधले त्यालाही त्या तळ्याचे पाणी पिता येते. मालक म्हणून नव्हे. साऱ्यांपैकी एक म्हणून.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. दानात देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. उत्सर्गात देणारा घाटाच्या पायऱ्या उतरून रांगेत येऊन उभा राहतो. कंपनीने गावाला द्यायचे ते दान म्हणून नव्हे, उत्सर्ग म्हणून. तिने वाचनालयाला टेबले द्यावीत आणि तिच्या रात्रपाळीच्या कामगाराने सकाळी घरी जाताना त्याच टेबलावर बसून वर्तमानपत्र वाचावे. मालकाचा माणूस म्हणून नव्हे. गावचा माणूस म्हणून. फक्त आपल्याच कामगारांच्या भल्याचे काम कायदा या खर्चात धरत नाही, आणि ते योग्यच आहे. पण साऱ्यांबरोबर तेही आले, तर त्याला कोणाची ना आहे?

जुन्या गावगाड्यात सारे असेच गोडीगुलाबीने चालत असे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. तेथे बलुते हक्काचे होते खरे, पण ते मागायला कोणी ओट्यावर चढायचे आणि कोणी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, हे जातीने ठरवले होते. तळ्याच्या उत्सर्गात 'सारे' म्हटले, तरी त्या साऱ्यांत सारे नसत. म्हणून तर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. शब्द चांगला आहे म्हणून इतिहासही चांगला होता असे होत नाही.

फलक, फोटो, कागद ही सारी वरवरची दुखणी. खरे दुखणे जिभेचे आहे. मराठीत त्याला 'मिंधा' असा एक नेमका शब्द आहे. ऋणी म्हणजे ज्याला फेडायचे आहे तो; मिंधा म्हणजे ज्याला बोलायचे आहे आणि बोलता येत नाही तो. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी धर्मराज शस्त्रे ठेवून भीष्मांच्या पाया पडायला जातो. तेव्हा पितामह त्याला जे सांगतात त्याने आजही अंगावर काटा येतो. माणूस धनाचा दास आहे, आणि कौरवांनी मला धनाने बांधून टाकले आहे, असे ते सांगतात. द्रोण, कृप आणि शल्यही जवळजवळ हेच बोलतात. न्याय कोणत्या बाजूला आहे हे त्यांना कळत होते. कळणे आणि बोलणे यांच्यामध्ये अन्न येऊन उभे राहिले होते.

भीष्मांचे नाव चार कपाटांच्या संदर्भात घेतले म्हणून वाचक हसतील. हसावे. पण दुसऱ्याच वर्षी कारखान्याने डिस्टिलरी वाढवायचे ठरवले. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे अशा विस्तारासाठी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि प्रकल्पाचा स्थानिक भाषेतला सारांश लोकांना पाहायला ठेवावा लागतो. आमच्या समितीवर एक शेतकरी सभासद आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या मळ्याशेजारून जो ओढा वाहतो तो हंगामात काळा पडतो आणि मळीचा वास घरात शिरतो. आबांनी सारांशाची प्रत मिळवली आणि चार दिवस आमच्या अभ्यासिकेत, कारखान्याने दिलेल्या टेबलावर बसून, पेन्सिलीने खुणा करीत वाचली. मी कार्यवाह म्हणून समोर बसलो होतो. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारले, "आबांना सांगता का जरा? निदान समितीचे सभासद म्हणून तरी बोलू नका म्हणावे." मी म्हटले, "मी नाही सांगणार. वाचनालयात कोणी काय वाचावे हे मी आजवर सांगितलेले नाही."

जनसुनावणीत आबा सात मिनिटे बोलले. त्यांनी शिवीगाळ केली नाही; सारांशातल्या पानांचे आकडे सांगून ओढ्याची गोष्ट सांगितली. खाली उतरल्यावर तो सालस अधिकारी त्यांना म्हणाला, "आबा, तुम्ही वाचनालयाच्या समितीवर ना?" आबा म्हणाले, "हो बाबा. म्हणून तर वाचता आलं."

पुढच्या मार्चला फोन आला नाही. कारण कोणी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. देणाऱ्याला न देण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. प्रश्न असा, की न मिळाल्याने आमचे काय झाले? काहीच झाले नाही. कपाटे जागच्या जागी होती. सरकारी अनुदान आणि वर्गणी यांवर जे चालत होते ते तसेच चालले. तेव्हा मला लहान रकमेचे खरे मोल कळले. ती गेली तरी दार बंद होत नाही. जी मदत उद्या थांबली तर आपला श्वास थांबेल, ती घेणाऱ्याला आबांना गप्प बसवावेच लागते. त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही याचा खल मी आता करीत नाही. कंपनीला मन असते की नाही हेच जिथे ठाऊक नाही, तिथे तिच्या हेतूचा शोध कोठे घ्यायचा? मी घेणाऱ्याची जीभ पाहतो.

याच महाराष्ट्रात एके काळी हा प्रवाह उलट्या दिशेने वाहत होता, हे नव्या वाचकांना खरेही वाटणार नाही. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला. माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्यांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तेव्हा गावाने कारखान्याला अनुदान दिले होते! त्या एका पैशाने कोणी मिंधे झाले नाही. कारण ज्याने पैसा दिला तो उद्या तळेगावच्या कंदिलाची काच तडकली तर चारचौघांत तक्रार करायला मोकळा होता. आमचे सहकारी साखर कारखाने हा याचाच पुढचा अवतार. ते कंपनी कायद्यात येत नाहीत. उसाच्या बिलातून टनामागे काही रुपये कापून शाळा-कॉलेजे काढण्याची रीत तेथे पडली. तेथे देणाराही शेतकरी आणि घेणाराही शेतकरी. फक्त कमानीवर नाव तिसऱ्याचेच असते, पण तो विषय वेगळ्या दिवाळी अंकाचा आहे.

माझी ही सारी मांडणी मी समितीपुढे केली तेव्हा ती सर्वांना पसंत पडली, एका व्यक्तीखेरीज. आमच्या ग्रंथपालताई गेली चौदा वर्षे सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडतात. त्यांना जे मानधन आम्ही देतो त्याचा आकडा छापायची मला लाज वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, कपाटं कंपनीची घ्यायची आणि पगार मात्र वर्गणीतून द्यायचा, म्हणजे वाचनालय कोणाचं मिंधं होणार नाही, हे मला कळलं. पण वर्गणी वाढत नाही, म्हणून माझा पगारही वाढत नाही. वाचनालयाच्या मोकळ्या जिभेची किंमत माझ्या घरातून का जावी?"

यावर कोणाला उत्तर देता आले नाही. भीष्म-द्रोणांची उदाहरणे अशा वेळी कामाला येत नाहीत. तत्त्वासाठी उपाशी राहणे ही थोर गोष्ट आहे. पण तत्त्व एकाचे आणि उपास दुसऱ्याचा, ही थोर नव्हे. ताईंचा पगार कारखान्याकडून घ्यावा असे मला अजूनही वाटत नाही. ज्या दिवशी तो बंद होईल त्या दिवशी कुलूप लागेल, आणि ते आबांसारख्या कोणाच्या तरी बोलण्यामुळे लागले असे गाव म्हणेल. मग राहते ती वर्गणी. गावात साडेतीन हजार उंबरे आहेत. वर्गणीदार दोनशे बारा. कपाटे आल्यापासून अकरा जणांनी वर्गणी थांबवली; "आता कारखाना देतो की," असे त्यांतले दोघे मला बाजारात तोंडावर म्हणाले.

दसऱ्याच्या आधी कारखान्याचा फोन पुन्हा आला. जुना मुलगा बदलून गेला आहे. नवीन मुलगी आहे, तीही 'काका' म्हणते. यंदा अर्ज करणार का, असे तिने विचारले. समितीची सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी ठेवली आहे. विषयपत्रिकेवर कारखान्याचा अर्ज तिसरा आहे. त्याच्या वर, दुसऱ्या क्रमांकावर, ताईंचे मानधन मी स्वतः लिहिले आहे. अर्ज करायचा झाल्यास पाळणाघराच्या बायकांच्या नोंदणीचा व हिशेबाचा खर्च मागावा, असे मी सुचवणार आहे. नव्या मुलीला मी तसे बोललोही. "काका, याचा फोटो कसा काढायचा?" तिने विचारले. मी म्हटले, बायका आहेत बारा, त्यांना विचारू.

ताईंनी सभेसाठी वर्गणीदारांची यादी तयार केली आहे. थकबाकीदारांची निराळी. ती त्यांनी काल माझ्या हातात दिली आणि काही न बोलता कपाट आवरायला गेल्या. यादीत पहिले नाव आमच्या अध्यक्षांचे आहे.